‘प्रिंटरची हमी’ नावाचा फोल्डर

२ सप्टेंबर, मंगळवार

कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, "बाई, तोंडी सांगून मला काही कळत नाही. कधी होतं, तेव्हा काय चाललं होतं, ते एका वहीत लिहून ठेवा. आलो की बघतो." म्हणून ही वही.

तर, सकाळी सव्वादहाला मेलचा प्रोग्राम उघडला. नवे मेल उतरायला लागले आणि मध्येच चौकट आली: मेमरी अपुरी आहे, इतर खिडक्या बंद करून पुन्हा प्रयत्न करा. इतर खिडक्या नव्हत्याच. खोलीची एक उघडी होती, तीही बंद करून बघितली. पुन्हा तीच चौकट. मशीन बंद करून चालू केल्यावर दहा मिनिटं नीट चाललं, मग परत तेच.

आमचं सगळं काम मेलवर येतं. आम्ही दात करतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं आणि फोटो पाठवतात, आणि इथे दोन खोल्यांत आम्ही कॅपा नि कवळ्या करून देतो. सत्तावीस वर्षं झाली. मागच्या खोलीत प्लास्टर आणि घासकाम, तिथे धाकटी बसते. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला प्लास्टर आणि पीठ यातला फरक कळत नव्हता. हाताला धरून मी शिकवलं. पुढच्या खोलीत माझं टेबल, भट्टी आणि हा कॉम्प्युटर. आकार ती देते, रंग मी देते. दाताचा रंग शिकवून येत नाही, त्याला डोळा लागतो. सव्वीस डॉक्टर माझ्या डोळ्यावर काम पाठवतात, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, आहे ते लिहिते.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज तीनदा. दहा वीस, बारा, चार वाजून पाच. तिन्ही वेळा नवे मेल उतरत असताना. जुने जाहिरातीचे मेल पुसले, फरक नाही.

बाराची गोष्ट मात्र कॉम्प्युटरवाल्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिते. चौकट आली तेव्हा मागच्या यादीत सर्वांत वर डॉक्टरीणबाईंचा मेल होता. विषय: ‘पुन्हा रंग’. एवढंच वाचलं. चष्मा पुसायला मान खाली घातली, वर बघते तर मेल नाही. पुसलेल्या मेलच्या टोपलीत शोधला, तिथेही नाही. धाकटीला हाक मारली. ती हात पुसत दारापर्यंत आली आणि तिथूनच म्हणाली, "ताई, मेमरीचा घोळ असेल. अर्धवट उतरलेला दिसला असेल तुम्हाला."

पडद्याकडे न बघता म्हणाली. हे लिहून ठेवते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मेलच्या पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या खणात असायची. आज ती पर्समध्ये टाकली. घरी येऊन लक्षात आलं की पासवर्ड धाकटीनेच ठेवलेला आहे. तिच्यापासून चिठ्ठी लपवून मी काय मिळवलं?

८ सप्टेंबर, सोमवार

नेहमीपेक्षा तासभर आधी गेले. धाकटी माझ्याही आधी हजर. भट्टीवर हात ठेवला तर चांगली गरम.

"आज लवकर?" मी विचारलं.

"भट्टी तापते का नीट, बघत होते."

भट्टी किती वेळा चालली याचा आकडा तिच्यावरच दिसतो. शनिवारी निघताना मी तो टिपून घेतला होता. का टिपला ते माझं मलाच सांगता येणार नाही. आज सकाळी तो सातने जास्त होता. भट्टी तापते का हे सात वेळा बघावं लागतं?

दुसरं, पिवळट पावडरीची बाटली अर्ध्याच्या खाली गेली आहे. मी तर तिला महिना-महिना हात लावत नाही. हल्ली दात आधीच इतके पिवळे दिसतात, वरून आणखी पिवळं कशाला घालू? मग पावडर गेली कुठे?

कुठेतरी पाणी मुरतंय.

११ सप्टेंबर, गुरुवार

मेल उघडतच नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. या बाई आमच्याकडे पंधरा वर्षं काम देतायत, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. आज मात्र खुर्चीत पेशंट होता, घाईत होत्या. म्हणाल्या, "ताई, बरं झालं तुम्हीच केलात. एक सांगू? राग मानू नका. तुमच्या जाऊबाईंना रंगाचं काम देऊ नका. रंग तुमच्याच हातचा हवा." आणि फोन ठेवला.

धाकटीला मी रंगाचं काम कधी दिलेलंच नाही. एकही दात नाही. मग डॉक्टरीणबाईंनी तिचे रंग बघितले कुठे?

एकच अर्थ निघतो. ती माझ्या पाठीमागे परस्पर दात करून देतेय. माझी भट्टी, माझी पावडर, माझे डॉक्टर. मेल गायब होतात ते उगाच नाही.

पुढच्या खोलीतल्या ट्यूबही तिने बदलून आणलेल्या दिसतात. पूर्वी कसा दुधासारखा उजेड पडायचा. आता सगळ्यावर चहाचं पाणी शिंपडल्यासारखं वाटतं. विचारलं तर म्हणते, "त्याच आहेत ताई, मार्चमध्ये तुम्हीच आणल्यात."

१५ सप्टेंबर, सोमवार

कॉम्प्युटरवाला आला. पन्नाशीचा, अंगाने भारी. जिना चढून आला की पाच मिनिटं नुसता हाताने खुणा करतो. माझी वही मागितली. मी पहिल्या दोन पानांपुरती त्याच्यासमोर धरली, हातात दिली नाही.

त्याने डबा उघडला, मेमरीच्या दोन पट्ट्या काढून एकेक लावून तासभर तपासल्या. दोन्ही ठणठणीत निघाल्या. तरी जुन्यांच्या जागी मोठी पट्टी बसवली. मेल उघडला. चौकट आली.

"म्हणजे मशीनचा दोष नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे मेमरी भरपूर आहे. आत कुठला तरी फोल्डर फुगलाय. नवा मेल आला की प्रोग्राम तो फोल्डर उघडायला जातो आणि तिथेच त्याचा दम जातो."

तो फोल्डरांची यादी उघडत होता, इतक्यात धाकटी मागून आली.

"दादा, ते मी बघते. काय ठेवायचं, काय नाही, ते मला माहितेय. मी आजच साफ करते."

"नुसतं पुसून जागा सुटत नाही, फोल्डर दाबून घ्यावा लागतो."

"मी करते."

त्याला दुसरीकडे जायचंच होतं. गेला. आमच्या दोन खोल्यांत अठरा वर्षं वावरलेली बाई, तिला एवढी घाई कसली झाली होती? तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. निदान मला तशा वाटल्या.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी निघताना हे म्हणाले, "एक पाय निळा, एक काळा. फॅशन आहे का?" मोजे. मी म्हटलं दोन्ही काळे आहेत. यांनी मला गच्चीत उन्हात नेऊन दाखवलं. असेल. मोजेच ते.

मग नेहमीचं सुरू झालं, "डोळे एकदा दाखवून ये." गेल्या दोन महिन्यांत पाचव्यांदा. धाकटीही हेच म्हणते, आणि तेही याच शब्दांत. दोघांनी बसून ठरवल्यासारखं. जूनमध्ये तिने ते रंग मोजायचं यंत्र आणलं होतं, पेनासारखं, दाताला लावलं की आकडा सांगतं. मी परत पाठव म्हटलं. सत्तावीस वर्षांनी मला रंग मशीन सांगणार?

आता सगळं जुळतंय. मला म्हातारी ठरवायचं, घरी बसवायचं आणि गादीवर आपण बसायचं. यांचं मला कळत नाही. यांना त्यात काय मिळणार आहे?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी एक गोष्ट केली. केली तर लिहायलाही हवी.

धाकटी प्लास्टर आणायला खाली गेली होती. तिची पिशवी खुंटीला होती. मी चेन उघडली. डबा, छत्री, भावजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या. आणि तळाशी रुमालात गुंडाळलेल्या पाच डब्या. प्रत्येक डबीत एक दात, प्रत्येकीवर आमची चिठ्ठी, आमचाच शिक्का. एकीवर डॉक्टरीणबाईंचं नाव. त्यांच्या एका पेशंटचा समोरचा दात, जो मी गेल्याच आठवड्यात करून पाठवला होता. तोच पेशंट, तोच दात, पण हा माझा नव्हे. माझा हात मला ओळखू येतो.

म्हणजे माझं काम जातं कुठे, आणि डॉक्टरांपर्यंत पोचतं काय?

चेन लावली. चेन आधी पूर्ण बंद होती की अर्धी, ते आठवेना.

२२ सप्टेंबर, सोमवार

संपलं एकदाचं. जसं झालं तसं लिहिते.

तीन दात भट्टीत ठेवून ती हात धूत होती. मी विचारलं, "तुझ्या पिशवीत आपले दात काय करतायत?"

तिने नळ बंद केला. "तुम्ही माझी पिशवी उघडलीत?"

"मी आधी विचारलं."

"ते बदलून द्यायचे आहेत."

"कोणी सांगितलं बदलायला?"

तिने हात पुसले. मग एकदम मऊ आवाजात, "ताई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या ना एकदा. मी येते बरोबर."

तिथे माझा तोल गेला. मी म्हटलं, विषय बदलू नकोस. माझे मेल लपवतेस, माझी भट्टी वापरतेस, डॉक्टरांना परस्पर माल देतेस, आणि वर मला आंधळी ठरवतेस? तुला हाताला धरून उभं केलं ते यासाठी? डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलंय, असंही म्हटलं. सगळं सांगितलं नव्हतं, पण म्हटलं.

हे ऐकून तिने माझ्याकडे बघितलं. "काय सांगितलं त्यांनी?"

"तुझं रंगाचं काम वाईट आहे म्हणून."

ती हसली का रडायला आली हे मला नीट दिसलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं."

"उद्यापासून येऊ नकोस."

तिने अॅप्रन काढला, घडी घातली. "भट्टीची अकरा मिनिटं राहिलीत. काढून जाते." आणि अकरा मिनिटं तिथे उभी राहिली, भट्टीकडे तोंड करून. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून. तीन दात चिमट्याने काढले, ताटलीत ठेवले आणि गेली.

लगेच सव्वीसच्या सव्वीस डॉक्टरांना पत्र लिहिलं: ‘आमच्या जाऊबाईंनी परस्पर केलेल्या कामाशी आमचा संबंध नाही. यापुढे त्या येथे काम करणार नाहीत. आतापर्यंत झालेल्या चुका त्यांच्या आहेत, त्याबद्दल दिलगीर आहे.’ पाठवायचं बटण दाबलं. चौकट आली. मेमरी अपुरी आहे. पत्र ‘बाहेर जाणारे’ मध्ये अडकून पडलं. चारदा दाबलं. मरो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेल आता अजिबात उघडत नाही. फोनवर काम घेते. मागच्या खोलीत आवाज नाही, म्हणून पुढच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. आकार द्यायला मला तिच्या दुप्पट वेळ लागतो. घासताना बारीक रेषा दिसत नाही. ट्यूबच वाईट आहेत. नव्या आणून लावल्या. त्याही पिवळ्याच. दुकानदारही एकाच माळेचे मणी.

२९ सप्टेंबर, सोमवार

कुरिअरने चार डब्या परत आल्या. चार वेगळ्या डॉक्टरांच्या. एकीत चिठ्ठी: ‘ताई, हा तुमच्या जाऊबाईंनी केलेला दिसतो. कृपया तुम्ही स्वतः करून पाठवावा.’

तो मी स्वतः केला होता. बुधवारी. धाकटी त्या दिवशी इथे नव्हतीच.

पहिल्यांदा वाटलं, हिने डॉक्टरांनाही फितवलंय. मग वाटलं, चार जणांना? चारही डब्या उघडून खिडकीत नेल्या. मला त्यात काही वावगं दिसेना. घरी नेल्या. हे टीव्ही बघत होते. म्हटलं, यातल्या फोटोत पेशंटच्या बाकीच्या दातांचा रंग बघा आणि हा दात बघा, काय वाटतं सांगा.

"मला दातांतलं काय कळतं?"

"कळत नाही म्हणूनच विचारते."

यांनी चष्मा कपाळावर चढवला, डबी नाकाशी नेली. दिव्याखाली फिरवून बघितली. मग म्हणाले, "हा फार पांढरा आहे. निळसर. खडूचा तुकडा लावल्यासारखा."

चारही?

"चारही."

यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवता येत नाही. जेवले नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

कॉम्प्युटरवाला आज पुन्हा आला. दम खाऊन झाल्यावर त्याने फोल्डरांची यादी उघडली आणि प्रत्येकापुढचं वजन वाचत खाली गेला. एका ठिकाणी थांबला.

"हे ‘प्रिंटरची हमी’ काय आहे?"

"प्रिंटर घेतला त्याचे कागद असतील."

"सगळ्या मेलच्या वीसपट मोठं आहे. कसला प्रिंटर घेतलात?" त्याने कुठे कुठे टिचक्या मारल्या. "इथे एक नियम लावलेला आहे. फेब्रुवारीत. विषयात ‘रंग’, ‘तक्रार’ किंवा ‘बदलून’ असं आलं की मेल उतरताच आपोआप या फोल्डरात जायचा. आता फोल्डर एवढा झाला की तो हलवतानाच प्रोग्राम मरतो."

मग त्याने फोल्डर उघडला, आणि मी त्याला म्हटलं, जरा चहा पिऊन या.

त्रेसष्ट मेल. प्रत्येकाला मोठमोठे फोटो जोडलेले: उघडी तोंडं, ओठ बाजूला ओढलेले, आणि मध्ये माझा दात. ‘रंग जुळत नाही.’ ‘पेशंट नाराज आहे.’ ‘पुन्हा रंग.’ ‘हे तुमचं काम वाटत नाही.’ आणि प्रत्येकाखाली धाकटीचं उत्तर, थोड्याफार फरकाने तेच: ‘ही चूक माझी आहे. हल्ली रंग मी देते, ताईंचा यात हात नाही. त्यांना फोन करू नये ही विनंती, मला ओरडा बसेल. दोन दिवसांत बदलून देते.’

त्रेसष्ट वेळा.

डॉक्टरीणबाईंच्या एका पेशंटचे तीन मेल होते. मूकबधिर मुलांच्या शाळेतली शिक्षिका. तिसऱ्यात लिहिलं होतं, ‘मुलं दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघून शब्द शिकतात. त्या आता तोंडावर हात ठेवून बोलतात. कृपा करा.’ त्याची तारीख १७ सप्टेंबर. म्हणजे पिशवीतला तो दात तिचा होता, आणि तो पोचायच्या आधी मी धाकटीला घालवलं.

कॉम्प्युटरवाला परत आला. त्याने तो फोल्डर वेगळ्या डिस्कवर हलवला, नियम काढला, उरलेलं सगळं दाबून घेतलं. जाताना म्हणाला, "झालं बघा. अडकलेलं सगळं सुटलं. आत यायचं तेही आणि बाहेर जायचं तेही." मी मान हलवली. माझं लक्ष नव्हतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी मेल उघडला. चौकट नाही. लोण्यासारखा चालला. सतरा नवे मेल.

पहिला: ‘योग्य निर्णय घेतलात.’

दुसरा: ‘आम्हाला आधीच कळवायला हवं होतंत.’

तिसरा वाचताना मला समजलं काय झालंय. ‘बाहेर जाणारे’ उघडला. रिकामा. माझं पत्र काल दुपारी तीन सतराला सव्वीस जणांकडे गेलं होतं. मी खुर्चीत बसून धाकटीच्या त्रेसष्ट उत्तरांचाच विचार करत होते, त्याच वेळी.

मशीनवर काय रागवायचं? दहा दिवस ते ‘नको’ म्हणत होतं, मीच बटण दाबत होते.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला जुलैपासून माहीत होतं. तिने विचारलं, ताईंना कसं सांगू? मी म्हटलं, मी डोळ्यांवरून सुरुवात करतो."

"सरळ का नाही सांगितलंत?"

"सरळ सांगितलं असतं तर तू कोणावर संशय घेतला असतास?"



३ ऑक्टोबर, शुक्रवार

डोळ्यांचे डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. "सगळं पिवळट दिसत असेल," त्यांनी आपणहून सांगितलं. "वर्षभर तरी. हळूहळू येतो, त्यामुळे माणसाला वाटतं जगच तसं झालंय." वर्षभर ट्यूबला शिव्या दिल्या.

तिथून सरळ धाकटीकडे गेले. भावजींनी दार उघडलं, ‘या’ म्हणाले आणि आत निघून गेले. ती कपडे वाळत घालत होती. थांबली नाही.

मी म्हटलं, "फोल्डर बघितला."

"हं."

"असं का केलंस?"

तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली. "फेब्रुवारीत पहिला मेल आला. मी तुमच्याकडे घेऊन आले होते, आठवतं? तुम्ही म्हणालात, डॉक्टरला डोळे नाहीत. दुसरा आला तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. मग तिसरा मी दाखवलाच नाही. वाटलं, महिनाभरात डोळे दाखवायला तयार होतील. महिनाभर, महिनाभर करत एवढं झालं. माझीही चूक आहे, पेशंटांचे हाल झाले."

"माझं पत्र..."

"वाचलं. म्हणजे डॉक्टरीणबाईंनी फोनवर वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मला माहीत असेल." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "त्याचं मी समजू शकते, ताई. तुम्हाला तसंच दिसत होतं. पण पिशवी उघडायला नको होती. मला विचारलं असतंत तर मी तुमच्यासमोर उलटी करून दाखवली असती."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "आत्ता काही म्हणू नका. मला अजून राग आहे, तो जाऊ दे."

चहा विचारला नाही. मलाही घ्यावासा वाटला नसता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल आणि आज मिळून सव्वीस फोन. मेल करणार नव्हते. हे तोंडाने सांगायचं होतं. वाक्य कागदावर लिहून घेतलं, पण तिसऱ्या फोनपासून कागद लागला नाही. "वाईट रंगाचे सगळे दात माझे होते. चांगले बदलून आले ते माझ्या जाऊबाईंचे. मला मोतीबिंदू आहे. पत्र खोटं होतं."

दोघांनी काम बंद केलं म्हणून सांगितलं. एकजण म्हणाले, आम्ही असल्या घरगुती भानगडीत पडत नाही. बहुतेकांनी नुसतं ‘अच्छा’ म्हटलं, आणि त्या ‘अच्छा’चा अर्थ काय काढायचा, याचा विचार न करता पुढचा नंबर फिरवणं हेच मला सर्वांत जड गेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला पूर्ण बोलू दिलं, हे त्यांच्या बाबतीत प्रथमच. मग म्हणाल्या, "मी त्या बाईला काय काय लिहिलं होतं, आणि ती दर वेळी ‘सॉरी, माझी चूक’ म्हणत होती."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी अकराला धाकटी आली. मी काही विचारलं नाही. तिने मागच्या खोलीतलं माझं घासकाम बघितलं, अर्धं बाजूला काढलं. दुपारी म्हणाली, "रंग आता मी देणार. तुमचे दोन्ही डोळे होईपर्यंत. त्यानंतर बघू."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तक्रार आली तर दोघींनी वाचायची."

"बरं."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घरात एकेक डोळा झाकून बघत फिरते. उजव्याने भिंत पांढरी, डाव्याने तीच भिंत चहाच्या पाण्याची. भिंत यांनी गेल्या वर्षी रंगवून घेतली तेव्हा मी रंगाऱ्याशी भांडले होते. पिवळा दिलास म्हणून.

त्या चार डब्या काढून उजव्या डोळ्याने बघितल्या. फार वेळ बघवल्या नाहीत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शिक्षिकेचा दात आज बसायचा होता. धाकटीने तो नव्याने केला. पिशवीतला जुना तिने बाजूला ठेवला, घाईत केला होता म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना दवाखान्यात बोलावलं.

चाळिशीची बाई, सडपातळ, तोंडावर पंजा. नमस्कारसुद्धा एकाच हाताने केला. मी तिला आधी सांगून टाकलं, "तुमचे तिन्ही वाईट दात मी केले होते. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे मी मानत नव्हते." धाकटीने माझ्या कोपराला हात लावला, पुरे या अर्थी.

बाई पंजाच्या आडून म्हणाल्या, "मुलांपैकी एकीने मला खुणेने विचारलं होतं, हा दात कोणाचा? मी सांगितलं, उसना आणलाय." आणि त्यांचे खांदे हलले, तेव्हा कळलं की हसतायत.

अर्धा तास लागला. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची सरळ केली, दिवा बाजूला केला. मी उजव्या डोळ्याने बघितलं. समोरच्या दोन दातांतला आमचा कोणता, मला सांगता येईना. सत्तावीस वर्षांत कोणाच्या कामाबद्दल मला असं झालं नव्हतं. मी धाकटीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "डावा." आणि पुसायचं फडकं शोधायला लागली, जे तिच्या हातातच होतं.

शिक्षिका उठून बेसिनवरच्या आरशाशी गेल्या. हात सवयीने वर आला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. म्हणाल्या, "प, फ, ब, भ, म राहिलेत. ओठांची अक्षरं. तीन महिने मी ती पुढे ढकलतेय." मग आवाज न करता, एकेक अक्षर ओठांनी करून बघायला लागल्या. ‘प’ दोनदा केला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं, तो येऊन खुर्चीत बसलासुद्धा, तरी त्या आरशापुढून हलल्या नाहीत, आणि त्यांना कोणी हलवलंही नाही.